रंग सांगतो, रंग पुसतो

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी पोथी जपून ठेवलेली आहे. तिचे नाव 'तारीफ-ए-हुसेनशाही'. अहमदनगरचा सुलतान हुसेन निजामशहा याच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या शायराने रचलेली ही मसनवी. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचे वर्णन तिच्यात आहे, दरबाराचे आहे आणि सुलतानाच्या बेगमेच्या रूपाचेही आहे. पोथीत मधूनमधून रंगीत चित्रे आहेत. दख्खनमध्ये काढलेली जी अगदी सुरुवातीची चित्रे आज शिल्लक आहेत, त्यांत यांची गणना होते. जी. टी. कुलकर्णी आणि एम. एस. माटे यांनी या पोथीचे संपादन आणि भाषांतर केले. मंडळाने ते 1987 मध्ये छापले.

परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला या पोथीशी नाते जोडायला फार लांब जावे लागत नाही. निजामशाहीचे मूळ आपल्या पाथरीचे. इतिहासकार फरिश्त्याने लिहिले आहे की, पाथरीच्या एका ब्राह्मण कुळातला मुलगा बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान म्हणून वाढला आणि पुढे मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहिरी म्हणून बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये स्वतंत्र राज्य उभे केले. नातू बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पूर्वजांचे गाव म्हणून बुऱ्हाणने ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, आणि नकार आल्यावर लढून घेतली. मसनवी ज्याच्यावर आहे तो हुसेन या बुऱ्हाणचा मुलगा, म्हणजे पाथरीच्या त्या मुलाचा पणतू.

आता या पोथीतल्या चित्रांकडे पाहू. काही चित्रांत राजाच्या अगदी जवळ एक आकृती होती. होती असे म्हणायचे, कारण आज बहुतेक ठिकाणी तिथे डाग आहे. कोणीतरी ती घासून, रंग फिरवून पुसून टाकली आहे. बाकी सगळे जागच्या जागी आहे. गालिचा आहे, दासी आहेत, राजा आहे. फक्त बेगम नाही.

ही बेगम खुन्जा हुमायून, चाँदबिबीची आई. तालिकोटच्या विजयानंतर काही महिन्यांतच हुसेन निजामशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून कारभार आईने हाती घेतला आणि काही वर्षे राज्य चालवले. मुर्तजा मोठा झाला, दरबारातल्या गटांनी उचल खाल्ली आणि 1571 च्या सुमारास आईला कैद झाली. चित्रांतून तिला पुसले गेले ते याच उलथापालथीत, असे अभ्यासकांचे मत आहे. शायरीतले तिचे वर्णन मात्र पोथीत राहिले. शब्द वाचायला वेळ लागतो, फारसी यावी लागते. चित्र कोणालाही एका नजरेत कळते. ज्याने तिला पुसले त्याला हे बरोबर ठाऊक होते.

मराठीत आपण 'हरताळ फासणे' म्हणतो. हरताळ हे पिवळे खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि सुकल्यावर त्या जागी नवे अक्षर लिहायचा. म्हणजे चित्रकाराच्या पेटीतला पिवळा रंग आणि लेखनिकाचा पुसणारा रंग एकच! खुन्जा हुमायूनवर फिरवलेला रंग कोणताही असो, तिच्या नावावर हरताळ फासला गेला तो असा.

एवढ्या जुन्या गोष्टीपासून सुरुवात करण्याचे कारण आजचे आहे. आपल्या घरांतली मुले आता शब्दांच्या जोडीने चित्रांतून गोष्ट वाचू लागली आहेत. गाजलेल्या कादंबऱ्या, आत्मकथा, इतिहास यांची चित्ररूपांतरे, ज्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, ती शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांत दिसतात, शाळांच्या वाचनालयांत येतात, मोबाइलवरही येतात. वडीलधाऱ्यांचा पहिला शेरा ठरलेला असतो: "ही कसली पुस्तके? नुसती चित्रे!" माझे म्हणणे असे की ती नुसती चित्रे नसतात, म्हणूनच ती मुलांच्या बरोबर बसून वाचली पाहिजेत. गोष्टीत जे शब्दांनी सांगितलेले नसते, ते रंग आणि रेषा सांगत असतात. आणि पुसायचे असेल तर तेही त्याच करतात.

चित्र म्हटले की आपल्याकडे एक सवाल हमखास येतो: हे जायज आहे का? सजीवांची तस्वीर काढणाऱ्यांबद्दल कडक शब्दांतल्या हदीस आहेत आणि त्यांचा अर्थ व मर्यादा यांवर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण अबू दाऊदच्या संग्रहातली एक हदीस मुलांच्या संदर्भात नेहमी आठवते. हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये एक पंखांचा घोडा होता. घोड्याला कुठे पंख असतात का, असे प्रेषितांनी (स.) विचारले. त्यावर त्यांनी उत्तर दिले की हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? हे ऐकून प्रेषित (स.) मनापासून हसले. ज्या घरांत चित्रांची पुस्तके येतात, त्या घरांसाठी पुढचा मजकूर आहे.

गोष्टीला रंग द्यायचा तो कशासाठी, याचा विचार आपल्या परंपरेत फार आधी झालेला आहे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने 'कलिला व दिम्ना' अरबीत आणले. मूळ आपले पंचतंत्र. ते इराणमध्ये पहलवी भाषेत गेले आणि तिथून अरबीत आले. त्याच्या प्रस्तावनेत त्याने पुस्तकाचे हेतू सांगितले आहेत. जनावरांच्या तोंडी बोलणे घातले ते तरुणांना ओढ लागावी म्हणून. दुसरा हेतू असा की जनावरांची चित्रे नाना रंगांत दाखवावीत, त्याने राजांच्या मनाला आनंद होईल आणि ते पुस्तक जपतील. पुस्तक टिकायचे असेल तर ते पाहावेसे वाटले पाहिजे, हे त्याने बाराशे वर्षांपूर्वी ओळखले होते. शेवटचा हेतू मात्र विचारवंतासाठी राखून ठेवला. म्हणजे एकाच पानावर मुलासाठी एक गोष्ट आणि मोठ्यांसाठी दुसरी.

अकबराच्या दरबारात हेच काम प्रचंड आकारात झाले. अमीर हमजाची दास्तान आपल्या दादी-नानींनी ऐकलेली. अकबराला तिची भारी आवड. मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या इराणहून आलेल्या उस्तादांच्या देखरेखीखाली तिची सुमारे 1400 चित्रे तयार झाली. त्याला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. चित्रे कापडावर, हाताच्या पुस्तकापेक्षा कितीतरी मोठी, आणि दास्तानचा मजकूर मागच्या बाजूला. चित्र समोरच्यांना दिसावे आणि सांगणाऱ्याने मागून वाचावे, अशी ही सोय होती असे मानले जाते. आज त्यांतली दोनशेही उरलेली नाहीत.

ही मांडणी आपल्या गोदाकाठालाही परकी नव्हती. पाथरी, सोनपेठ, गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी त्याआधी पैठणवरून येते, आणि पैठणच्या नावाने ओळखली जाणारी कथाचित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. चित्रकथी एकेक कागद समोर धरायचा आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला अजून जिवंत ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. दास्तान सांगणारा आणि चित्रकथी, दोघांचा धर्म वेगळा, गोष्टी वेगळ्या, पण हिकमत एकच.

रंग नेमके काय करतो, हे जुन्या इराणी चित्रांत फार छान कळते. तिथे रात्रीचा प्रसंग असला तरी माणसांवर अंधार पडत नाही. आभाळ गडद निळे, त्यात चांदण्या, कोपऱ्यात एक जळती मेणबत्ती, की झाली रात्र. माणसांचे कपडे मात्र भर दुपारी दिसावेत तसे लखलखीत. चित्रकाराला अंधार दाखवता येत नव्हता असे नाही. गोष्टीतला कोणीही अंधारात हरवू नये, ही त्याची निवड होती. निळा रंग बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा, लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, हिरवा तांब्याच्या जंगालाचा. लाजवर्द महाग, म्हणून तो कुठे किती वापरला यावरूनही त्या पानाचे वजन कळते. (जंगालाचा हिरवा पुढे कागदच खातो. जुन्या पोथ्यांत हिरव्या जागी भोके पडलेली दिसतात ती त्यामुळे.)

'तारीफ-ए-हुसेनशाही'च्या चित्रकाराने हे इराणी वळण घेतले, पण त्यात दख्खन मिसळला. आभाळ सोनेरी, क्षितिज वर चढवलेले. बायका मात्र इथल्या, चोळी आणि साडीच्या धाटणीचा पेहराव, पाठीवर लांब वेणी. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे. हा संकेत संस्कृत काव्यातला: सुंदर स्त्रीचा स्पर्श झाला की झाडाला बहर येतो. शायर फारसी, राजा मुसलमान, कल्पना भारतीय, आणि तीन गोष्टींचा मेळ एका चित्रात. आफताबीच्या फारसी ओळींना दख्खनची हवा लागली ती या रंगांमुळे. उत्तम रूपांतराची खूण हीच म्हणावी लागेल. मूळ मजकूर तसाच राहतो आणि तरीही त्याचा पत्ता बदलतो.

आताच्या रूपांतरांतले एक उदाहरण आपल्या मुलींना जवळचे वाटेल. डेबोरा एलिस यांची 'द ब्रेडविनर' ही कादंबरी 2000 मध्ये आली. तालिबानच्या काळातल्या काबूलमधली परवाना ही मुलगी. बापाला तुरुंगात टाकल्यावर घर चालवण्यासाठी ती केस कापून मुलगा बनते आणि बाजारात काम करते. 2017 मध्ये तिच्यावर नोरा ट्वोमी यांनी चित्रपट केला आणि त्याच चित्रांतून पुढे ग्राफिक नॉव्हेल निघाले. त्यात दोन जगे आहेत. काबूलचे जग धुळकट, मातकट, तपकिरी. आणि परवाना धाकट्या भावाला जी गोष्ट सांगते, तिचे जग कागद कापून केलेल्या चित्रांसारखे, झगझगीत रंगांचे. मुलगी भुकेली आहे, घाबरलेली आहे, तरी तिच्या डोक्यात एवढे रंग आहेत, हे लेखिकेला कोणत्याही वाक्यात सांगावे लागत नाही. पान उलटले की दिसते.

उलट मार्जान सत्रापी यांचे 'पर्सेपोलिस' पाहा. हे रूपांतर नव्हे, इराणमधल्या स्वतःच्या बालपणाची त्यांनीच काढलेली चित्रकथा, 2000 पासून फ्रेंचमध्ये चार भागांत आलेली. सगळी काळ्या-पांढऱ्यात. क्रांती, युद्ध, तुरुंग, नातलगांचे मृत्यू, आणि रंग एकही नाही. जाड काळी रेष आणि भरीव काळे डाग. त्यामुळे तेहरानची मुलगी 'परदेशातली रंगीबेरंगी मुलगी' न वाटता शेजारच्या वर्गातली वाटते. पुस्तकात प्रौढांसाठीचे प्रसंग आहेत, लहान मुलांच्या हाती ते देऊ नये. पण रंग काढून घेणे हाही रंगाचाच वापर आहे, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

आपल्याकडे चित्रकथा घराघरांत पोहोचवली ती 'अमर चित्र कथे'ने. अनंत पै यांनी 1967 मध्ये ती सुरू केली. मराठी चित्रकारांचा तिच्यात मोठा हातभार. तिची रीत ठरलेली: पानावर सरळ चौकटी, चौकटीत वास्तवासारखी माणसे, सपाट भरलेले रंग, वर एका पट्टीत निवेदन. गोष्ट भराभर पुढे जाते. पण या धाटणीच्या चित्रकथांवर अभ्यासकांनी एक आक्षेप सातत्याने घेतला आहे. नायक गोरा, राक्षस काळा; शूर कोण आणि क्रूर कोण हे शब्द वाचण्याआधीच कातडीच्या रंगावरून, दाढी-भुवयांवरून ठरलेले. सुलतान, सरदार, पठाण यांची चित्रे या नजरेने पाहिली की आपल्या मुलांना शाळेत जे टोमणे ऐकावे लागतात, त्यांतले काही कुठून आले असतील याचा अंदाज येतो. तक्रार करून उपयोग नाही. मुलाला विचारावे, हा माणूस वाईट आहे हे तुला कुठल्या वाक्यावरून कळले? बहुतेक वेळा वाक्य सापडत नाही, रंग सापडतो.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याकडे येतो. 'भीमायन'. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने 2011 मध्ये काढलेले, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याची चित्रे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935-36 च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. छोटे, कोरडे, जवळजवळ जबानीसारखे लेखन. 'भीमायन' मुख्यतः त्याचे रूपांतर आहे. बाबासाहेबांचे चरित्र 'अमर चित्र कथे'तही 1979 मध्ये आले होते, दिलीप कदम यांच्या चित्रांसह. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. माणूस एकच, प्रसंग बरेचसे तेच, आणि तरी पुस्तके दोन वेगळ्या जातींची.

व्याम दांपत्य मध्य प्रदेशातले परधान गोंड. परधान हे गोंडांचे गायक. बाणा हे वाद्य वाजवून कुळांच्या कथा गायच्या, हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. सुभाष यांचे आप्त जनगढसिंग श्याम यांनी 1980 नंतर भोपाळच्या भारत भवनात ती गाणी कागदावर आणली आणि ही चित्रशैली जगाला कळली. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा घराण्यातल्या चित्रकारांना चौकटींचे पान दिल्यावर त्यांनी चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यात कोंडले तर त्यांचा श्वास घुसमटेल, असे त्यांचे म्हणणे. जन्मभर ज्याला गावकुसाबाहेर, वर्गाच्या कोपऱ्यात, ठरवून दिलेल्या जागेत ठेवले गेले, त्याची गोष्ट चौकटीत का सांगायची? म्हणून पान मोकळे आहे. प्रसंग वेगळे करायला सरळ रेष न वापरता त्यांनी 'डिगना' वापरला, गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढायची ती वळणदार नक्षी.

मला सर्वांत जास्त आवडली ती संवादांच्या फुग्यांची योजना. साध्या, निरुपद्रवी बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्या बोलण्यात विष आहे त्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला एक डोळा, मनचक्षूचा. मूळ मजकुरात बाबासाहेब कोणाच्याही बोलण्याला विषारी म्हणत बसत नाहीत, काय घडले ते सांगतात. 'विंचू डसावा तसे बोलणे' हे आपल्या भाषेतही आहेच, चित्रकारांनी ते पानावर ठेवले. अक्षर न येणारे मूलही नांगी पाहून सावध होते.

आगगाडी सापासारखी सरपटत येते. हातपंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. तहानलेल्या भीमाच्या शरीरात मासा दिसतो. पाणी, आसरा आणि प्रवास असे पुस्तकाचे तीन भाग आहेत. एका तलावाचे पाणी म्हणजे किती मोठी गोष्ट, हे ज्याला कळत नाही त्याला तो मासा कळतो. परभणीकरांना फारसे समजवावे लागणार नाही म्हणा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे काय असते ते आपण जाणतो. पण रांगेत उभे राहूनही तुझी घागर इथे लावू नकोस असे ऐकणे, ते वेगळे.

पहिल्या भागातला प्रसंग 1901 चा. नऊ-दहा वर्षांचा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. डब्यात भाकरी होती, प्यायला पाणी नव्हते. मूळ आठवणीत इथे एक तपशील आहे, जो आपण थांबून वाचला पाहिजे. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर गाडीवानाने सल्ला दिला की नाकेदार हिंदू आहे, खरे सांगितलेत तर पाणी मिळणार नाही, आम्ही मुसलमान आहोत असे सांगा. भीमाने तसे केले. नाकेदाराशी तो उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही.

त्या लहान मुलाला पाण्यासाठी जे सोंग घ्यावेसे वाटले, ते आपले होते. मुसलमान म्हटले की निदान माणूस म्हणून पाणी मिळेल, ही त्या गाडीवानाची समजूत. त्या समजुतीचा आपल्याला अभिमान वाटू शकतो. पण पुस्तक तिथे संपत नाही.

तिसऱ्या भागात 1934 साल येते. जागा दौलताबाद, म्हणजे आपलाच मराठवाडा, तेव्हा निजामाच्या राज्यात. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघालेले, वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला एक हौद होता. त्या पाण्याने काहींनी हातपाय-तोंड धुतले आणि मंडळी दाराशी गेली. तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. भोवती जमाव जमला, तरुण-म्हातारे सगळे. जातीवरून शिव्या सुरू झाल्या. आम्ही बाहेरगावचे आहोत, आम्हाला माहीत नव्हते, असे सांगितल्यावर त्यांनी आपला राग तिथल्या स्थानिक अस्पृश्यांवर काढायला सुरुवात केली.

'भीमायन'मध्ये हा किल्ला दगडांचा राहत नाही, हिंस्र जनावरासारखा अंगावर येतो. मूळ लेखनात किल्ल्याचे वर्णन जवळजवळ नाहीच. ज्याला आत जाताना भीती आहे त्याला तो कसा दिसला असेल, हे चित्रकारांनी काढले. आणि पहिल्या पानापासून पक्षी आणि नांगी ओळखायला शिकलेले मूल इथवर येते तेव्हा ज्यांच्या बोलण्यात विष आहे ती माणसे आपली आहेत. दाढी आपली, महिना आपला.

काही घरांत हे पान आले की पुस्तक मिटले जाईल, याची मला कल्पना आहे. 'यात आपली बदनामी आहे' म्हणून. खुन्जा हुमायूनवर रंग फिरवणाऱ्यालाही तेव्हा असेच काहीतरी कारण सापडले असेल. माझ्या मते हे पान मुलांबरोबर सावकाश वाचायचे पान आहे. इतिहासात आपल्यावर काय अन्याय झाला हे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतील. आपल्या वस्तीतल्या माणसांनी वुजूच्या पाण्यासारख्या पाण्यावरून काय केले, हे घराबाहेरच्या कोणी सांगण्यापेक्षा अम्मी-अब्बांनी सांगितलेले बरे. आणि बिरादरी, जात, खानदान यांचे जे हिशेब आपल्या लग्नाच्या बैठकींत आजही चालतात, त्यांच्याविषयी मूल तिथेच विचारील. विचारू द्यावे.

वाचण्याची एक साधी पद्धत सुचवतो. आधी मुलाला फुग्यांतला मजकूर न वाचता नुसती चित्रे पाहू द्यावीत आणि गोष्ट त्यानेच सांगावी. मग मजकूर वाचावा. दोन्हींत जिथे फरक पडेल तिथे चित्रकाराचे काम आहे. पुस्तक शक्यतो कागदावर पाहावे. रंगीत छपाईमुळे ही पुस्तके महाग पडतात हे खरे, म्हणून शाळेच्या वा गावच्या वाचनालयाला मागणीचे पत्र द्यावे, दोन-तीन घरांनी मिळून एक प्रत घ्यावी. मोबाइलवरच्या फोटोत व्याम दांपत्याच्या बारीक रेघा आणि ठिपके एकमेकांत मिसळून जातात, आणि या शैलीत एकेका चित्रकाराची ओळख त्या भरणाच्या रेघांवरच असते.

दौलताबादच्या हौदाशी बाबासाहेबांनी शेवटी संतापून त्या जमावाला विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या हौदाचे पाणी अडवाल का? जमाव गप्प झाला. मग त्यांनी पहारेकऱ्याला आत जाऊ देणार का ते विचारले. परवानगी मिळाली, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि ते लावत नाहीत ना हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला.